पाईप कुणी धरायचा

माझं तोंड फटकळ आहे. हे माहेरीच सगळ्यांना कळलं होतं. सासरी आल्यावर गावानंही त्यावर शिक्कामोर्तब केलं. मी गावात अंगणवाडी चालवायची, त्यामुळं लहानथोर सगळे मला बाई म्हणत आणि एरवी मान देत. पण ग्रामसेवकाशी, एसटीच्या कंडक्टरशी, कुणाशीही भांडायची वेळ आली की मलाच पुढं घालत. मला त्याचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू. तो अभिमान एका उन्हाळ्यात गुरांच्या छावणीत उतरला, आणि ज्या माणसानं तो उतरवला त्यानं साधा आवाजही चढवला नाही.

आमचं गाव दिंद्रुडपासून आत, मातीच्या रस्त्याला. त्या साली सलग दुसऱ्यांदा पाऊस नावापुरता झाला होता. संक्रांतीपर्यंत विहिरींनी तळ दाखवला, शिमग्यापर्यंत कडबा संपला. मग गावच्या दूध संस्थेनं सडकेकडेच्या माळावर छावणी उघडली. जनावराला चारा, पेंड आणि पाणी. माणसाला नुसती सावली, तीही ज्यानं त्यानं करून घ्यायची. पण जनावराला एकटं कोण सोडतं? लोक घराला कुलूप लावून जनावरांमागोमाग आले. ऊसतोडीवरून परतलेल्यांनी तर घर उघडलंच नाही, कोयते-बोचकी घेऊन थेट माळावर. बांबू, जुनी लुगडी आणि खताची पोती जोडून पालं उभी राहिली. माझे मालक मांजरसुंब्याला एका धाब्यावर कामाला गेले होते, म्हणून आमची बैलजोडी घेऊन मी एकटीच आले.

गावात वरची आळी, खालची आळी, मुसलमान आळी अशा रेषा होत्या. माळावर त्या राहिल्या नाहीत. ज्याला जिथं दावं बांधायला जागा मिळाली तिथं त्याचं घर झालं. माझ्या डाव्या हाताला एक तरणी सून होती, तिचा नवरा कर्नाटकातल्या कारखान्यावर अडकलेला आणि दावणीला एक गाभण गाय. उजव्या हाताला मनियार चाचा.

चाचाचा धंदा बांगड्यांचा. आसपासच्या गावांतल्या एकूण एक बाईचा हात त्याच्या हातात जाऊन आलेला. काचेची बांगडी चढवताना तो अंगठ्याखालचं मांस असं दाबायचा, की बांगडी कधी आत गेली ते कळायचं नाही. लग्नात माझ्या हातात चुडा त्यानंच भरला. पुढं वय झालं, डोक्यावरची पेटी झेपेना, तेव्हा त्यानं एक गाय घेतली आणि संस्थेला दूध घालायला लागला. ती गाय घेऊन तोही छावणीत आला होता.

छावणीत टँकर दिवसातून एकदा येई, दुपारी दोनच्या सुमारास. आधी गुरांचा हौद भरायचा, मग उरलेलं पाणी पाईपनं माणसांच्या घागरींत. दर पालाला दोन घागरी. सांगायला सोपं आहे. पहिल्या आठवड्यात रोज भांडणं झाली. जो पाईप धरी तो आपल्या भावकीच्या घागरी काठोकाठ भरी आणि बाकीच्यांच्या गळ्याशी थांबे. एकदा दोघी बायका एकमेकींच्या झिंज्या धरून चिखलात लोळल्या. त्यातली एक मी होते.

तेव्हा गावातले माळकरी आजोबा उठले. हे आजोबा गावच्या सप्ताहाचे कर्ते. त्यांचा शब्द सहसा कुणी मोडत नसे. त्या साली वैशाख आणि रमजान एकाच अमावास्येनंतर सुरू झाले होते. पश्चिमेला जी कोर दिसली तीच दोघांची. आजोबा म्हणाले, "आजपून रोजे सुरू झालेत. ज्याच्या तोंडात दिवसभर थेंब जाणार न्हाई, त्याच्या हातात पाईप द्या. त्याला पान्याची लालूच धरून करायचंय काय?"

सगळ्यांच्या नजरा चाचाकडं गेल्या. रोजे धरणारे इतरही होते, पण ते पोरंसोरांचे बाप, त्यांची भावकी छावणीत होती. चाचाला मागंपुढं कुणी नव्हतं. तो म्हणाला, "धरतो." एवढंच.

त्यानंतरच्या दुपारी मी विसरणार नाही. वैशाखातलं बीडचं ऊन मी वर्णन करत बसत नाही. ज्यानं सोसलंय त्याला सांगायला नको आणि बाकीच्यांना सांगून पटणार नाही. त्या उन्हात चाचा टँकरमागं उभा. डोक्याला ओला न केलेला, कोरडाच टॉवेल. घागर पुढं आली की पाईप आत, पाणी गळ्याला लागलं की पाईप वर, आणि दुसरी घागर येईस्तोवर पाईपच्या तोंडावर अंगठा. थेंब खाली सांडत नसे. पाण्याचा शिंतोडा ओठावर उडाला तर खांद्यानं पुसून टाकी. समोर लेकरं घागरीला तोंड लावून घटाघटा पीत, तो त्यांच्याकडं बघत असे, आणि त्याच्या बघण्यात आम्हाला कधी हाव दिसली नाही. दोन तास हे चाले. लाईन संपली की शेवटची घागर त्याची स्वतःची. मला देवळात जाऊन जे कधी वाटलं नाही ते त्या टँकरमागं वाटे. मी लाईनीत उभी राहून त्याच्याकडं बघत राहायची आणि माझी बडबड आपोआप बंद व्हायची.

भांडणं थांबली. कुणी घागर मोजेना. चाचानं भरली म्हणजे बरोबर भरली.

मग सप्ताह आला. आमच्या गावचा सप्ताह वैशाखातच असतो. गावात पाणी नाही, माणूस नाही, तेव्हा आजोबांनी ठरवलं की सप्ताह छावणीत बसवायचा. पेंडीची पोती हलवून गोदामाच्या पत्र्याखाली मांडव घातला. वीणा उभी राहिली, पारायण सुरू झालं, शेजारी म्हशी रवंथ करत बसल्या. संध्याकाळी हरिपाठ आटोपला की त्याच सतरंजीच्या दुसऱ्या टोकाला रोजे सुटत. टाळ गोळा करणारी पोरंच खजुराची ताटली पुढं सरकवत. आधी बेत करून हे कुणी केलं नव्हतं. सावलीची जागा एकच होती, म्हणून झालं.

सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी काला आणि सगळ्या गावाची पंगत. आमच्याकडं एक जुनी चाल आहे. काल्याच्या पंगतीत पहिलं वाढप मुसलमान आळीनं करायचं, आणि दर्ग्याच्या उरुसात मलिद्याचा पहिला घास मारुतीच्या पुजाऱ्यानं घ्यायचा. हे कधीपासून, कुणाला ठाऊक नाही. पण पहिलं वाढप त्यांच्या हातून झालं नाही तर पंगत बसत नाही, आणि पंगत बसली नाही तर सप्ताह पुरा झाला असं कुणी मानत नाही. काला एरवी सकाळी असतो. त्या साली आजोबा म्हणाले, "वाढनाऱ्यानं वाढायचं अन् उपाशी बगत ऱ्हायचं, हे काय बरं दिसत न्हाई. काला सांजच्याला करू. रोजा सुटायच्या टायमाला पंगत बसंल." दोघातिघांनी कुरकुर केली. आजोबांनी त्यांच्याकडं नुसतं पाहिलं.

हे सगळं सुरळीत चाललं असताना मी माती खाल्ली.

काल्याला दोन दिवस होते. त्या दिवशी माझ्या एका बैलाला लाळ सुटली होती, म्हणून मला लाईनीत यायला उशीर झाला. मी शेवटून पहिली. माझ्या पुढं पाच-सहा जणी आणि त्यांच्याही पुढं शेजारची तरणी सून. तिची गाय आठवड्यापूर्वी व्याली होती. चाचानं तिची घागर भरली. पाणी गळ्याला लागलं. पाईप वर यायला हवा होता. तो आला नाही. पाणी गळ्यावरून दोन बोटं वर चढलं आणि मग पाईप उचलला गेला. माझा नंबर येईतो टँकर गुरगुरायला लागला. माझी पहिली घागर अर्धी भरली, दुसरी कोरडी राहिली.

मी म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "चाचा, रोजा तोंडाचाच धरलाय वाटतं. हाताचा न्हाई धरला."

माझा शब्द अजून हवेत होता तेव्हाच मला कळलं की हे बोलायला नको होतं. चाचानं पाईप गुंडाळून टँकरवर ठेवला, आपली रिकामी घागर उचलली आणि पालाकडं गेला. त्या दिवशी त्याला घोटभरही पाणी मिळालं नव्हतं, हे मला नंतर उमगलं. संध्याकाळी त्याचा रोजा कुणाच्या पाण्यानं सुटला, मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी टँकर आला आणि चाचा जागेवर नव्हता. संस्थेच्या सेक्रेटरीला त्यानं सकाळीच सांगितलं होतं, दुसरा माणूस बघा. दुसरा माणूस ठरेपर्यंत चार हातांनी पाईप ओढला. एकानं हिसकला, दुसऱ्यानं सोडला, आणि पाईप जमिनीवर आपटत सगळीकडं पाणी उडवत सुटला. ओल्या मातीचा वास गुरांपर्यंत गेला. मी माझ्या आयुष्यात असं पाहिलं नव्हतं: सबंध छावणीतली जनावरं एकदम उभी राहिली, खुंटे उपटले गेले, आणि गाईबैल येऊन चिखल चाटायला लागले. माणसं मागं सरली. हंबरण्याच्या आवाजात कुणाचं कुणाला ऐकू येईना. टँकर रिकामा झाला तेव्हा निम्म्या घागरी पालथ्या होत्या.

आजोबा मांडवाच्या खांबाला धरून उभे होते. ते मला म्हणाले, "पोरी, उद्या काला हाय. उद्याच्या टँकरचं पानी असं गेलं तर सैपाक व्हायचा न्हाई. अन् तो वाढायला आला न्हाई तर सैपाक होऊनबी पंगत बसायची न्हाई." ते रागावले नव्हते. रागावले असते तर मी उलटून बोलले तरी असते.

माझं पाल आणि चाचाचं पाल यांत चार पावलांचं अंतर. ते कापायला मला दिवस मावळेपर्यंत वेळ लागला. रोजा सुटून गेल्यावर मी गेले. तो गाईच्या अंगावरच्या गोचड्या काढत बसला होता.

"चाचा, उद्या पाईपवर या," मी म्हणाले. "मी काल रागात बोलले."

"रागात बोललात, पन खरं बोललात." तो माझ्याकडं न बघता म्हणाला. "तिच्या घागरीत मी दोन बोटं जास्त घातली. काल एकदाच न्हाई, बाई. गाय व्याल्यापून रोज. ती गाईला पानी गरम करून पाजती, मला हितनं दिसतं. घागर पुढं आली का हात उचलायचाच न्हाई. पन ते पानी माझं न्हवतं ना. लाईनीत शेवटाला जी बाई उभी, तिचं व्हतं."

मी तयारी करून गेले होते, माझ्या शब्दाची माफी मागायची आणि त्याला परत आणायचं. त्यानं माझ्या हातात दुसरंच काही ठेवलं. मी म्हणाले, "मग कुणाला सांगितलं कावून न्हाई?"

"कुनी इचारलंच न्हाई. समदे डोळे झाकून भरवसा ठेवत गेले. त्याचंच मला भ्या वाटाया लागलं." तो गाईच्या कानामागं बोटं फिरवत राहिला. "तुमी बोललात ते बरं झालं. आता पाईप तुमी धरा."

"मी?"

"तुमी. तुमचा डोळा बारीक हाय. पन एक करा. सकाळपून लाईन सरंपर्यंत तोंडात पानी घिऊ नका. मंग हात सरळ चालतो."

"तुमचा तर चालला न्हाई," मी बोलून गेले. तोंड शेवटी तोंडच.

चाचा हसला. बांगडी भरताना बाईनं ओय केलं की हसायचा, तसा. "न्हाई चालला. मनून तर दोगं पायजेत. तुमी धरा, मी बाजूला बसून बगतो."

मी बाहेर आले आणि पालामागं जाऊन रडले. हा माणूस मला मोठा वाटला म्हणून रडले. दुसरं कारण नव्हतं. मी त्याला चारचौघांत चोर म्हणाले होते, आणि त्यानं घरी जाऊन स्वतःची झडती घेतली होती.

काल्याच्या दिवशी उजाडल्यापासून मी पाणी घेतलं नाही. नऊला जीभ टाळूला चिकटायला लागली. बाराला डोकं धरलं. दोनला टँकर आला, हौद भरला, काल्याच्या स्वयंपाकाचं पाणी काढून झालं, आणि मी पाईप हातात घेतला. तो इतका जड असेल असं वाटलं नव्हतं. आतून पाणी धावतं, त्याचा गारवा मनगटापर्यंत येतो, आणि ओठावर शिंतोडे उडतात. पहिल्या शिंतोड्याला माझी जीभ आपोआप बाहेर आली. मी ती आत ओढली आणि खांद्यानं ओठ पुसले. चाचा टँकरच्या सावलीत उकिडवा बसून घागरींकडं बघत होता, माझ्याकडं नाही. हे त्यानं दिवसामागून दिवस केलं होतं, या वयात, आणि तेव्हा मी लाईनीत पदर डोक्यावर घेऊन दुसरीच्या घागरीतली बोटं मोजत उभी होते. दहाबारा घागरींनंतर माझ्या दंडात पेटके आले. पण खरं सांगते, हात सरळ चालत होता. तहान लागली की पाणी किती आहे ते नीट दिसतं.

मग शेजारच्या सुनेची घागर आली. पाणी गळ्याला लागलं. पाईप उचलायचा. मी तिच्याकडं पाहिलं, तिचे ओठ फुटले होते. माझा हात हलेना. चाचाचं काय होत होतं ते मला त्या क्षणी कळलं. मी पाईपवर अंगठा दाबला आणि लाईनीकडं वळून ओरडले, कारण ओरडणं तेवढं मला येतं:

"हिची गाय व्यालीय. हिला दोन बोटं जास्त घालू का? शेवटाला कमी पडंल. कुनाची ना असंल तर आत्ता बोला."

मला वाटलं, आता भांडण पेटतं. मग लाईनीच्या अगदी टोकाला एक म्हातारी उभी होती, तिचीच घागर अर्धी राहणार होती. ती म्हणाली, "घाल की. माझ्यातली घाल." तिच्या पुढची म्हणाली, "माझ्यातलीबी." आणि मग लाईनभर, एकीमागून एक, माझ्यातली, माझ्यातली, असं पुढं सरकत माझ्यापर्यंत आलं. ऊन तेच होतं, टँकर तोच. मी दोन बोटं पाणी घातलं. चाचा सावलीतून म्हणाला, "हे मला सुचलं न्हाई."

शेवटची घागर माझी. ती निम्मी भरली आणि टँकर गुरगुरला. मी पाईप गुंडाळून ठेवला.

आता मी पाणी पिऊ शकत होते. लाईन सरली होती. घागर पालात नेऊन ठेवली, तांब्या बुडवला, आणि तो तसाच परत ठेवला. का, ते मला सांगता येणार नाही. येसर आमटीचा वास माळभर सुटला होता. चुलवणाजवळ वरच्या आळीच्या आणि मुसलमान आळीच्या बायका मिळून भाकरी थापत होत्या. मी जाऊन त्यांच्यात बसले.

काल्याचं कीर्तन दिवस कलताना संपलं. दहीहंडी फुटली. मग पंगत बसली, मांडवात मावेना म्हणून गुरांच्या दावणींमधून, सडकेपर्यंत. चाचा आला. त्यानं नवा सदरा घातला होता. आमटीची बादली आणि पळी हातात घेऊन त्यानं पहिलं वाढप आजोबांच्या पत्रावळीवर केलं आणि मग मुसलमान आळीची माणसं ओळीनं वाढत निघाली. वाढून झालं. पंगतीचा श्लोक म्हणून झाला. श्लोकानंतर लोक जेवायला सुरुवात करतात. त्या दिवशी कुणी केली नाही. आजोबांनी हात पत्रावळीवर ठेवला आणि तसेच थांबले, आणि त्यांच्याकडं बघून सगळी पंगत थांबली. रोजा सुटायला अजून थोडा वेळ होता. शेकडो माणसं, दिवसभराची भुकेली, पुढ्यात गरम आमटी, आणि एकही हात हलत नव्हता. लेकरंसुद्धा गप्प. गुरांच्या गळ्यातल्या घंटा तेवढ्या वाजत होत्या. मी आजवर पुष्कळ देवळं पाहिली, यात्रा पाहिल्या. इतका मोठा शांतपणा कुठं पाहिला नाही.

चाचा वाढत वाढत माझ्यासमोर आला होता. त्यानं माझ्या ओठांकडं पाहिलं.

"बाई, लाईन तर दुपारीच सरली. अजून प्याला न्हाईत?"

मी मान हलवली. तोंडात ओल नव्हती. त्यानं बादली खाली ठेवली आणि माझ्यासमोर बसला. सडकेपल्याडच्या दुसऱ्या गावातून वाऱ्यावर अजानचा आवाज आला. पंगतीत सगळ्या हातांची एकदम हालचाल झाली. कुणीतरी चाचाच्या हातात रोजा सोडायला पाण्याचा पेला दिला. तो त्यानं ओठाला लावला नाही, माझ्यापुढं धरला.

"चाचा, माझं चुकलं," मी म्हणाले. दोन दिवस राहून गेलेलं ते शेवटी तोंडातून निघालं.

"आदी पानी प्या," तो म्हणाला.

मी निम्मा पेला प्याले. उरलेल्या निम्म्यावर त्यानं रोजा सोडला.